'डिसीव्ह' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

पुढील प्रसंग कल्पनेतला आहे. तथापि खेड्यातील शिक्षकास तो अपरिचित वाटणार नाही. एक वृद्ध शेतकरी सकाळी शाळेच्या ओसरीवर येऊन बसतो. 'बँकेतून बोलतो' असे सांगून कोणी त्यास फोन केला, फोनवर आलेला आकडा विचारून घेतला आणि थोड्याच वेळात खात्यातील पाच हजार रुपये गेले. "गुरुजी, ब्यांकेच्या मोठ्या हापिसाला विंग्रजीत चार ओळी लिवून द्या. मी फोनवर फसलो, एवढंच लिवा," असे तो सांगतो. "बसा आबा, आधी पाणी घ्या," असे म्हणून गुरुजी कागद पुढे ओढतात आणि पहिले वाक्य लिहितात : 'सर, आय हॅव चीटेड बाय फोन.'

या वाक्याचा अर्थ 'मी फोनवर फसलो' असा होत नाही. 'मी फोनच्या साहाय्याने लबाडी केली आहे' असा होतो. 'हॅव' आणि 'चीटेड' यांच्यामध्ये 'बीन' हा एवढासा शब्द राहून गेला आणि फिर्यादीचा आरोपी झाला. वाचणारा अधिकारी समजूतदार असेल तर मनात सुधारून घेईल; परंतु आपले म्हणणे दुसऱ्याच्या समजूतदारपणावर सोडावे लागणे हेच मुळात लेखकाचे अपयश होय. (अशी तक्रार मराठीतही देता येते, आणि अर्ज लिहीत बसण्यापूर्वी १९३० या क्रमांकावर फोन करणे अधिक निकडीचे असते, कारण पैसे पुढे सरकण्यास वेळ लागत नाही. हे गुरुजींनी आबांस प्रथम सांगावयास हवे होते.)

ही चूक केवळ निष्काळजीपणाची नव्हे. तिचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. मराठीत 'फसणे' व 'फसविणे' अशी क्रियापदांची जोडी आहे. जो फसतो त्याच्यासाठी एक रूप आणि जो फसवितो त्याच्यासाठी दुसरे. भुलणे–भुलविणे, चकणे–चकविणे, ठकणे–ठकविणे या जोड्याही त्याच वळणाच्या. मराठी मूल या जोड्या आईच्या मांडीवरच शिकते, आणि म्हणून कर्ता कोण व कर्म कोण याची त्यास वेगळी काळजी करावी लागत नाही. इंग्रजीत मात्र 'फसविणे' यासाठी 'डिसीव्ह', 'चीट', 'ट्रिक' अशी अनेक क्रियापदे असून 'फसणे' यासाठी त्यांच्या जोडीचे स्वतंत्र क्रियापद नाही. ते काम कर्मणी प्रयोगाकडून करून घ्यावे लागते : 'आय वॉज डिसीव्हड', 'ही हॅज बीन चीटेड'. मूल मराठी वाक्य मनात धरून शब्दास शब्द ठेवते, 'मी' म्हणजे 'आय', 'फसलो' म्हणजे 'डिसीव्हड', आणि अर्थाची नेमकी उलटापालट होते. कर्मणी प्रयोग हा व्याकरणाच्या पुस्तकातील एक कंटाळवाणा नियम म्हणून शिकविला जातो. त्याची गरज कोठे पडते हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

येथेच दुसऱ्या एका खाचेकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मराठीतील 'फसणे' माणसांपुरतेच नसते. बेत फसतो, प्रयोग फसतो, चिखलात गाडी फसते. कोशात 'फसणे' पाहून 'द प्लॅन वॉज डिसीव्हड' असे लिहिणारा विद्यार्थी दर वर्षी एखादा तरी भेटतो. बेत फसला तर इंग्रजीत 'फेल्ड', गाडी फसली तर 'गॉट स्टक'. 'डिसीव्ह' या क्रियापदाला ज्यास मन आहे आणि मनात समजूत आहे असेच कर्म लागते.

असे असले तरी चिखलात फसणे आणि लबाडीत फसणे यांस मराठीने एकच शब्द दिला यात काही नवल नाही. खुद्द 'डिसीव्ह' या शब्दाच्या पोटातही तीच कल्पना आहे. हा शब्द लॅटिन भाषेतून जुन्या फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. लॅटिन 'कापेरे' म्हणजे घेणे, पकडणे. त्यास उपसर्ग लागून झालेल्या 'देसिपेरे' याचा अर्थ जाळ्यात पकडणे, फासात अडकविणे. पारध्याने लावलेला फास सावजास दिसत नाही. दिसला तर तो फास राहात नाही. 'रिसीव्ह' (हाती घेणे), 'परसीव्ह' (जाणून घेणे), 'कन्सीव्ह' (मनात वा उदरात धरणे) ही सारी याच घराण्यातील भावंडे होत. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत याच कुळातील क्रियापदे आज मुख्यतः 'निराश करणे' या अर्थाने वापरतात. फसला गेलेला माणूस अखेर निराशच होतो, तेव्हा अर्थ फार दूर गेला असे म्हणता येत नाही. मात्र इंग्रजीतील 'डिसीव्ह' याचा 'निराश करणे' असा अर्थ होत नाही.

आता प्रत्यक्ष अर्थाकडे वळू. दुसऱ्याच्या मनात जाणूनबुजून खोटी समजूत उत्पन्न करणे म्हणजे 'डिसीव्ह' करणे. यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, समजूत उत्पन्न झाली पाहिजे. 'ही डिसीव्हड मी, बट आय डिड नॉट बिलीव्ह हिम' हे वाक्य स्वतःशीच भांडते. विश्वास बसलाच नाही तर फसवणूक झाली कोठे? तेथे 'ही ट्राइड टू डिसीव्ह मी' असे म्हणावे लागते. मराठीतही 'त्याने मला फसवले, पण मी फसलो नाही' हे वाक्य कानास खटकते, म्हणून विद्यार्थ्यांस हा मुद्दा चटकन उमगतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'डिसीव्ह' करण्यास खोटे बोलावेच लागते असे नाही. खोटे बोलणे यासाठी इंग्रजीत 'लाय' हे क्रियापद आहे. त्यास शब्द उच्चारावे किंवा लिहावे लागतात. खोटे बोलूनही ऐकणारा फसला नाही तर 'लाय' झाले, 'डिसीव्ह' झाले नाही. उलट एक अक्षरही खोटे न बोलता माणूस दुसऱ्यास फसवू शकतो. आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडक फळांचा लावून खाली डागी फळे भरणारा विक्रेता काही बोललेला नसतो. गाभण नाही हे ठाऊक असता, विचारणाऱ्यापुढे मुकाट्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारणाराही बोललेला नसतो. इंग्रजीत दोघांनाही 'डिसीव्ह' हे क्रियापद लागू पडते, 'लाय' लागू पडत नाही. वर्गात 'लाय' आणि 'डिसीव्ह' हे समानार्थी म्हणून फळ्यावर शेजारी लिहिले जातात, ते योग्य नव्हे.

या भेदाचा सर्वांत रेखीव नमुना पाहावयाचा असेल तर तो कथा-कादंबऱ्यांत शोधण्याचे कारण नाही. तो आपल्या देशाच्या कायद्यात आहे. १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेच्या ४१५व्या कलमात 'चीटिंग' या अपराधाची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ हिने घेतली असून तेथे हीच व्याख्या ३१८व्या कलमात आली आहे. व्याख्येचा मथितार्थ असा : कोणासही 'डिसीव्ह' करून, म्हणजे त्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करून, त्याजकडून कपटाने वा अप्रामाणिकपणे मालमत्ता काढून घेणे, अथवा फसला नसता तर त्याने जे केले नसते असे काही त्याजकडून करवून त्याच्या शरीरास, मनास, लौकिकास किंवा मालमत्तेस हानी पोहोचविणे म्हणजे 'चीट' करणे. या वाक्यात दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी बसलेली दिसतात. 'डिसीव्ह' ही वाट होय. 'चीट' म्हणजे त्या वाटेने जाऊन केलेली लूट. कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य आपण सरकारी सेवेत आहो अशी बतावणी करतो, दुकानदार त्या भरवशावर माल उधार देतो, आणि पैसे देण्याचा त्या मनुष्याचा मुळात हेतूच नसतो. दुसऱ्या उदाहरणात नमुना एक दाखवून माल दुसराच गळ्यात मारला जातो. कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी असेही म्हटले आहे की, अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपविणे हीदेखील फसवणूकच होय. वर सांगितलेल्या म्हशीच्या मालकाने हे स्पष्टीकरण वाचलेले बरे.

जुन्या संहितेतील शिक्षेचे कलम ४२० होते. त्यावरून 'चारसोबीस' हा शब्द मराठीत व हिंदीत इतका रुजला की १९५५ साली त्या नावाचा प्रसिद्ध चित्रपटही निघाला. आता ती तरतूद ३१८व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात आहे आणि शिक्षा पूर्वीप्रमाणेच सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे. क्रमांक बदलला म्हणून 'चारसोबीस' हा शब्द लोकांच्या तोंडून जाईल असे मानण्याचे कारण नाही.

'चीट' या शब्दाचा इतिहास तर खेड्यातील माणसास विशेष ओळखीचा वाटेल. मध्ययुगीन इंग्लंडात जमीनधारक निर्वारस वारला की त्याची जमीन वरिष्ठ जमीनदाराकडे किंवा राजाकडे परत जात असे. या सरकारजमा होण्यास 'एस्चीट' म्हणत, आणि अशा जमिनींची चौकशी करणारे अधिकारी असत. त्यांचा कारभार लोकांस इतका जाचक व लबाडीचा वाटला की, पुढला 'एस्' गळून उरलेल्या 'चीट' या शब्दाचा अर्थच लुबाडणे असा होऊन बसला. मूळचा 'एस्चीट' शब्द निर्वारस मालमत्तेच्या संदर्भात आपल्या संविधानाच्या २९६व्या अनुच्छेदात आजही आहे. दत्तक नामंजूर करून १८४८ साली सातारचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, तेव्हा सातारकरांस या दोन शब्दांचे नाते कोणी सांगितले असते तर ते त्यांस सहज पटले असते.

शाळेत 'चीट' हा शब्द परीक्षेच्या संदर्भात येतो, आणि येथे मराठी शिक्षकांच्या हातून एक चूक वारंवार घडते. परीक्षेतील गैरप्रकारास आपण 'कॉपी करणे' म्हणतो; 'कॉपीमुक्त अभियान' हे नावही त्यावरूनच पडले. परंतु इंग्रजीत 'कॉपी' म्हणजे केवळ पाहून उतरविणे. फळ्यावरील सुविचार वहीत उतरविणारे मूलही 'कॉपी'च करते आणि त्याबद्दल शाबासकी मिळवते. परीक्षेतील लबाडी सांगताना 'ही चीटेड इन द एग्झॅमिनेशन' असेच म्हणावे लागते. 'ही कॉपीड' एवढ्यावर इंग्रज वाचकास कोणताही दोष दिसणार नाही.

मात्र 'चीट' हे क्रियापद आहे तसेच नामही आहे, आणि नाम म्हणून त्याचा अर्थ 'लबाड माणूस' असा होतो. 'यू चीटेड' म्हणजे 'तू लबाडी केलीस'. 'यू आर अ चीट' म्हणजे 'तू लबाडच आहेस'. पहिले वाक्य एका कृतीविषयी आहे, दुसरे साऱ्या माणसाविषयी. गृहपाठ शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या वहीवर तांबड्या शाईने दुसऱ्या प्रकारचा शेरा मारणारे शिक्षक आढळतात. त्या मुलाने गणित का उतरविले? घरी दिवा नव्हता, की भागाकार समजला नव्हता, की म्हशीमागे जावे लागले होते? याची चौकशी शेऱ्यापूर्वी व्हावयास हवी. इतर मुले तो शब्द उचलतात, त्याचे टोपणनाव करतात आणि मूल शाळा सोडीपर्यंत तो त्यास चिकटून राहतो. भाषेच्या दृष्टीनेही तो शेरा चूक आहे. एका कृतीवरून नाम सिद्ध होत नाही.

फसविणे नेहमीच निंद्य असते काय? मराठीत तसे नाही, आणि इंग्रजीतही नाही. परंतु शब्द बदलावा लागतो. इतिहासाच्या तासाला छत्रपती शिवाजी महाराज १६६६ च्या ऑगस्टमध्ये आग्र्याच्या कैदेतून निसटले हा प्रसंग येतो. महाराजांनी पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. हेच वाक्य इंग्रजीत करावयास सांगितले असता मुले 'चीटेड द गार्ड्‌स' असे लिहितात, आणि शिक्षकही ते बरोबर समजून पुढे जातात. 'चीट' या शब्दात क्षुद्र लाभासाठी केलेल्या अप्रामाणिकपणाचा डाग आहे. तो येथे लावणे हा अर्थाचा अनर्थ होय. 'डिसीव्हड' म्हटल्यास वस्तुस्थिती चुकत नाही, कारण पहारेकऱ्यांच्या मनात खोटी समजूत निर्माण झाली हे खरेच. पण त्यात कौतुकही नाही. कौतुक आणावयाचे तर 'आउटविटेड', म्हणजे बुद्धीने मात केली, हा शब्द योजावा. आणि निसटण्यावर भर द्यावयाचा असल्यास 'गेव्ह देम द स्लिप' हा इंग्रजी वाक्प्रचार 'हातावर तुरी देणे' याच्या अगदी जवळ येतो.

पंचतंत्रातील वानर व मगर यांची गोष्ट या भेदासाठी मोठ्या उपयोगाची आहे. मगराने मित्रत्वाचा आव आणून वानरास पाठीवर घेतले. वानराने 'काळीज झाडावरच राहिले' असे सांगून स्वतःची सुटका करून घेतली. दोघांनीही एकमेकांस 'डिसीव्ह' केले. मग एकाचा राग का येतो आणि दुसऱ्याचे हसू का येते, असे मुलांस विचारावे आणि उत्तर मराठीत देऊ द्यावे. 'मगराने मैत्री मोडली' असे कोणी म्हणेल, 'वानराने जीव वाचवला' असे कोणी म्हणेल. नंतर मगरासाठी 'बिट्रेड' म्हणजे विश्वासघात केला आणि वानरासाठी 'ट्रिक्ड' वा 'आउटविटेड' हे शब्द फळ्यावर लिहावेत. अर्थ आधी मनात तयार झालेला असल्यामुळे शब्द तेथे आपोआप बसतो.

'डिसीव्ह' याचा कर्ता निर्जीवही असू शकतो. डोळे फसवितात, अंतर फसविते, पेहराव फसवितो. 'दिसते तसे नसते म्हणून जग फसते' या म्हणीचा आशय इंग्रजीत 'अपिअरन्सेस आर डिसेप्टिव्ह' असा सांगतात. येथे विशेषणाची निवड जपून करावी. 'डिसेप्टिव्ह' म्हणजे फसवे. त्यात हेतू असेलच असे नाही. शांत दिसणारा खोल डोह 'डिसेप्टिव्ह' असतो. 'डिसीटफुल' म्हणजे कपटी. ते विशेषण माणसास वा त्याच्या वर्तनास लावतात. डोहास 'डिसीटफुल' म्हटले तर डोहाच्या मनात कपट आहे असा अर्थ होईल. तसेच 'डिसीव्ह' यास कर्म म्हणून स्वतःलाही घेता येते. 'ही डिसीव्हड हिमसेल्फ' म्हणजे त्याने स्वतःचीच समजूत घालून घेतली. तपासनीस येण्याच्या दिवशी पाठ केलेली उत्तरे घडाघड म्हणणारा वर्ग पाहून 'मुलांना इंग्रजी आले' असे मानणे हे याचे एक उदाहरण म्हणून देता येईल.

अन्य समीप शब्दांपैकी 'मिसलीड' म्हणजे चुकीच्या समजुतीकडे नेणे. ते नकळतही घडते, म्हणून त्यात आरोपाची धार कमी असते. 'हुडविंक' हा शब्द मौजेचा आहे. 'हुड' म्हणजे डोक्यावरील टोपडे आणि 'विंक' याचा जुना अर्थ डोळे मिटणे. डोळ्यांवर टोपडे ओढून समोरचे दिसू न देणे हा त्याचा मूळ अर्थ. आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ आठवला की तो विसरत नाही, आणि 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा आपला वाक्प्रचार त्याच्या बाजूस सहज बसतो. हे देणे एकतर्फी नाही, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. आपला 'ठक', हिंदीतील 'ठग', हा इंग्रजांनी 'थग' म्हणून उचलला. परंतु प्रवासात त्याची लबाडी गळून गेली आणि नुसता दांडगेपणा उरला. आजच्या इंग्रजीत 'थग' म्हणजे मारहाण करणारा गुंड होय. म्हणून 'तो ठक आहे' याचे 'ही इज अ थग' असे भाषांतर करू नये.

उच्चार व लेखन यांविषयी थोडेसे. 'चीट' यातील ई दीर्घ आहे. तो ऱ्हस्व केला की 'चिट' होते, आणि हा दुसरा शब्द तर आपल्याच 'चिठ्ठी'वरून इंग्रजीत गेलेला आहे. 'चिट फंड' याचा उच्चार 'चीट फंड' असा करणाऱ्यास कदाचित अनुभव आलेला असेल, पण शब्द तो नव्हे. 'डिसीव्ह' लिहिताना 'सी' या अक्षरानंतर आधी 'ई' व मग 'आय' येतो. 'रिसीव्ह', 'सीलिंग' यांतही तसेच. 'बिलीव्ह' यात मात्र 'आय' आधी येतो. भाववाचक नामे दोन आहेत, 'डिसीट' आणि 'डिसेप्शन'. पहिले स्वभावातील कपटाकडे अधिक झुकते, दुसरे फसविण्याच्या कृतीकडे. ज्या 'पी'चा उच्चार 'डिसेप्शन' यात होतो तो 'डिसीट' यात लिहीतही नाहीत. 'रिसीट' यात मात्र लिहितात आणि उच्चारीत नाहीत. इंग्रजीच्या या लहरीपुढे शिक्षकाने युक्तिवाद न करता शब्द दहा वेळा लिहून घेणेच बरे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात असले, तरी हे क्रियापद पाचवीच्या आधी घेऊ नये. पाचवी ते सातवीच्या वर्गात ते घेताना प्रथम दोन मुलांस पुढे उभे करून एकाकडून रिकाम्या मुठीचा खेळ करवावा. मूठ कोणती भरलेली आहे ते दुसऱ्याने सांगावयाचे. तो फसला की वर्गास विचारावे, कोणी कोणास फसविले? फसविणाऱ्याने 'आय डिसीव्हड हिम' म्हणावयाचे आणि फसलेल्याने 'आय वॉज डिसीव्हड'. मग जागा बदलाव्यात. तीन-चार फेऱ्यांत 'वॉज' हा शब्द नियमाच्या धाकाने येत नसून गरजेपोटी येऊ लागतो. यानंतर 'फसणे' असलेली पाच-सात मराठी वाक्ये द्यावीत. त्यांत माणूस फसलेले, बेत फसलेला आणि बैलगाडी फसलेली अशी मिसळ असावी.

वरच्या वर्गातील मुलांस आबांचा अर्ज लिहावयास द्यावा. त्यात पैसे कधी गेले, किती गेले, बोलणाऱ्याने आपण कोण म्हणून सांगितले आणि आबांनी त्यास काय सांगितले, एवढे क्रमाने यावे. पहिले वाक्य मात्र सर्वांनी मिळून फळ्यावर तयार करावे : 'सर, आय हॅव बीन चीटेड ऑफ रुपीज फाइव्ह थाउजंड बाय अ पर्सन हू डिसीव्हड मी ऑन द टेलिफोन.' पैसे गेले तेथे 'चीटेड' आणि खोटी समजूत करून दिली तेथे 'डिसीव्हड', अशी दोन्ही क्रियापदे त्यात आली आहेत. 'बीन' या शब्दाखाली रंगीत खडूने रेघ मारावी.